सोन्याच्या काट्यावरचा पेढा

मंगळवारी सकाळी लॅबमधून रिपोर्ट घेतला, न उघडताच पर्समध्ये टाकला आणि शाखेत येऊन बसले. उघडला साडेअकराला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, ६.२; उपाशीपोटीची साखर ११२. समोर बारीक अक्षरात छापलेलंच होतं: एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. कागदाची घडी घालते न घालते तोच काउंटरवरून आवाज आला, "मॅडम, ट्रॅक्टर आला बरं का! त्वांड उघडा."

कोरेगाव तालुक्यातले आबा. दहा दिवसांपूर्वी त्यांचं ट्रॅक्टरचं कर्ज मीच मंजुरीला पाठवलं होतं. ते काउंटरच्या फटीतून अर्धे आत वाकलेले आणि हातातला पेढा माझ्या तोंडापासून चार बोटांवर. मी "आबा, अहो..." एवढंच म्हणाले, तेवढ्यात पेढा आत गेला होता. मी चावत असतानाच दुसरा पुढे आला. "ट्रॅक्टरला चाकं चार आन् तुमी एकावर थांबताय व्हय?"

रिपोर्ट वाचल्यापासून दहा मिनिटांत दोन पेढे. ही माझ्या पथ्याची सुरुवात.

साताऱ्यात बँकेच्या कर्जविभागात बसणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नीट कळणार नाही. इथं मोती चौक आहे आणि मोती चौकात कंदी पेढा आहे. घर झालं, गाडी आली, पोरगं दहावी सुटलं, विहिरीला पाणी लागलं, कोर्टाचा निकाल लागला, जावयाला नोकरी लागली, की माणूस पहिला पेढा देवापुढं ठेवतो आणि दुसरा ज्यानं सही केली त्याच्यापुढं. सही माझी असते. बँकेनं ग्राहकांकडून भेटवस्तू घेऊ नये हे सगळ्यांना पाठ आहे, पण पेढा भेटवस्तूत मोडत नाही असं आम्ही आपापसात केव्हाच ठरवून टाकलंय. आणि कंदी पेढा मोठा लबाड. मावा तांबूस होईतो परतलेला, म्हणून इतर पेढ्यांपेक्षा गोडाला कमी आणि टिकायला जास्त. गोड कमी म्हणून दोन जातात, आणि टिकतो म्हणून बॉक्स दुसऱ्या दिवशीही तिथंच.

तिथंच म्हणजे पासबुक छापायच्या मशिनशेजारच्या फायलींच्या कपाटावर. मला दिवसातून तीस वेळा तरी त्या कपाटाशी जावं लागतं.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. माझ्या आईला ४५ व्या वर्षी साखर निघाली होती, मी ४३ ची, तेव्हा त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. म्हणाले, "घरी काय खाता ते नका सांगू, घरी सगळेच पालेभाजी खातात. ऑफिसात काय खाता ते महिनाभर लिहून आणा." रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांचं सगळं दिसतं, आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी ते करून पाहिलेलंच होतं, म्हणून गप्प बसले.

रद्दी व्हाउचरचे पाठकोरे कागद टाचून वही केली. जूनमध्ये शाखा २३ दिवस चालली आणि वहीत ३८ नोंदी झाल्या. त्यातल्या बऱ्याच दहावीच्या निकालाच्या. बाकी असं: साहेबांच्या मेव्हण्याच्या लग्नाची बुंदी. नृसिंहवाडीहून आलेली कवठाची बर्फी. कुणीतरी तिरुपतीला जाऊन आलेलं, तो लाडू फोडून अकरा वाटे. शनिवारी वडापाव, कारण शनिवार. कॅशियर ताईंचा वाढदिवस, त्याचा केक, केकबरोबर वेफर्स, वेफर्सबरोबर पुन्हा पेढे. एका निवृत्त गुरुजींची मुदतठेव पूर्ण झाली, त्याचे पेढे. वास्तविक पैसे त्यांचे, व्याज त्यांचं, आम्ही काय केलं होतं? आणि ऑडिटवाले आले म्हणून सामोसे, गेले म्हणून जिलबी.

३८ पैकी ३१ वेळा मी खाल्लं होतं. सात वेळा सुटले, त्यातल्या पाच वेळा मी रजेवर होते आणि दोनदा बॉक्स रिकामा झाल्यावर पोचले. म्हणजे संयम म्हणतात त्या खात्यावर शिल्लक शून्य.

पेढ्याचं वजन किती असतं, यावरून त्याच सुमारास आमच्यात वाद झाला. मी म्हणत होते दहा-बारा ग्रॅम. आमच्याकडे सोनेतारण कर्जासाठी व्हॅल्युअर येतात, खानदानी सराफ, कधी घाईत नसलेले. त्यांनी काट्यावर कागद ठेवला, काटा शून्यावर आणला, चिमटीनं पेढा ठेवला आणि चष्म्यातून बघत दागिन्याचं सांगतात त्याच सुरात सांगितलं, "बावीस ग्रॅम तीनशे चाळीस मिली. हे ग्रॉस. नेट किती ते तुमच्या अंगावर चढल्यावर." बांगडीतली लाख आणि खडे वजा करून नेट काढायचं हा त्यांचा रोजचा धंदा. पेढ्यात वजा करायला काहीच नसतं.

२२ ग्रॅम म्हणजे ९० च्या आसपास कॅलरी आणि दीड-दोन चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर २५ च्या. दोन पेढे आणि शाखेतला तीन कप चहा झाला की २५ ची हद्द माझी दुपारच्या डब्याआधीच ओलांडलेली असायची. घरी मात्र मी चहात साखर कमी घालते म्हणून नवऱ्यापुढं मिरवत होते.

जुलैच्या एक तारखेपासून सरळ नाही म्हणायचं ठरवलं. "नको, मी खात नाही." वाक्य छोटं आहे. मराठी माणसाच्या कानाला ते वाक्य वाटतच नाही, आग्रहाची सुरुवात वाटते. "एकानं काय हुतंय?" "अहो, एवढासा तर आहे." "निम्मा घ्या." "वजन कुठंय तुमचं? उलट उतरल्यासारख्या दिसताय." "पोराचं तोंड बघून तरी घ्या." एक आजी तर म्हणाल्या, "अन्नाला न्हाई म्हणू न्हाई, बाई. उद्या समोर येयाचं न्हाई." हा शाप होता की आशीर्वाद, मला तेव्हा ठरवता आलं नाही, माझ्या अडचणीवर तोच तर उपाय होता.

सहकाऱ्यांचं वेगळं. कॅशियर ताई डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं जेवतात: दिवसातून दोनदाच, दर वेळी ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. त्यामुळे सकाळी आलेला पेढा त्या खात नाहीत, टिशू पेपरखाली ठेवतात. दीड वाजता डब्याच्या झाकणावर दोन पेढे, बर्फीचा तुकडा आणि सामोसा असे ओळीनं मांडतात, मोबाइलला गजर लावतात आणि ५५ मिनिटांत सगळं बसवतात. यात डॉक्टरांचा काही दोष नाही. पलीकडच्या काउंटरवरची मुलगी ऋजुता दिवेकरांची, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. ते "थोडं" बऱ्याचदा कपाटावरच्याच बॉक्समधून येतं. दोघींचे पंथ वेगळे, प्रसाद एकच. आणि दोघीही मला सांगायच्या, तुझं चुकतंय.

तर पहिले दहा-बारा दिवस मी रेटून "नको" म्हणत राहिले आणि थोडीशी तरबेज झाले. इतकी की मान वर करायचीही गरज वाटेना. त्याच आठवड्यात ते झालं.

मुद्रा योजनेत शिशु गटातलं कर्ज ५० हजारांपर्यंतचं असतं. त्यातून एकांनी बायकोसाठी दोन शिलाई मशिनं घेतली होती. पस्तिशीचा माणूस, हिशोबाला चोख. कागदांसाठी तीन हेलपाटे पडले तरी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. पिशवीतून पाव किलोचा बॉक्स काढला, दोरी सोडली आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "नको, मी खात नाही."

"बरं, बरं," ते म्हणाले.

इतक्या पटकन "बरं" म्हणणारा माणूस मला त्या महिन्यात भेटला नव्हता. बाकीचे भांडायचे, शपथा घालायचे, एकानं तर पेढा माझ्या माउसवर ठेवला होता. यांनी झाकण लावलं, दोरी होती तशी बांधली, पिशवीत ठेवलं आणि निघाले. मला वाटलं, चला, एक तरी समजूतदार निघाला.

आमचे शिपाईमामा निवृत्तीला आलेले, त्यांना सगळी गावं आणि सगळी घरं माहीत. ते चहाचे कप गोळा करताना हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांचा पेढा घेतला न्हाई तुमी."

"कुणाचाच घेत नाही मी, मामा. बघताय ना."

"ते तुमाला म्हाईत. त्यांला कुठं म्हाईत?"

आमच्याकडे माणसाची जात विचारावी लागत नाही. त्यांचं आडनाव आणि वस्तीचं नाव माझ्यासमोर अर्जावर होतं. माझं आडनाव काउंटरवरच्या पाटीवर, त्यांच्यासमोर. दोघांनीही दोन्ही वाचलेलं. राजवाड्याजवळची ती शाळा आमच्या शाखेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, जिथं ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव पटावर चढलं. शिपायानं नळ सोडल्याशिवाय शाळेत आपल्याला पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दर ७ नोव्हेंबरला आता विद्यार्थी दिवस असतो, तिथं फुलं वाहायला मीही गेलेली आहे. आणि इथं मी स्क्रीनकडं बघत "नको, मी खात नाही" म्हणाले होते. तो माणूस आग्रह करणार कसा? आग्रह करायलासुद्धा आपला हात पुढं चालतो याची खात्री लागते.

मी उठले. कॅशियर ताईंना "आलेच" म्हणाले आणि चप्पल अर्धवट घालून बाहेर पडले. ते कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभे होते. धाप लागलेली होती, त्यामुळे जमवलेलं वाक्य काही आलं नाही. "अहो, मला एक द्या," एवढंच म्हणाले. त्यांनी बघितलं, पिशवी मांडीवर टेकवली, दोरी सोडायला लागले. गाठ आता घट्ट बसली होती. दोघांनी मिळून सोडवली. मी तिथंच उभ्यानं पेढा खाल्ला, पूर्ण, आणि मग सांगितलं की साखर निघालीय, डॉक्टरांनी बंद केलंय, कुणाचाच घेत नाही.

"मग आता कशाला खाल्ला?" ते म्हणाले. काळजीनं.

याचं उत्तर मला देता आलं नाही. वहीत त्या दिवशी "१ पेढा" एवढंच लिहिलंय. डॉक्टरांनी पुढं त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, "हा एकटाच का?" तेव्हाही नाही देता आलं.

त्यानंतर तोंडानं "नको" म्हणणं बंदच झालं. मी खोटं बोलायला लागले. "आज उपास आहे." संकष्टी, एकादशी, गुरुवार, मग श्रावणी सोमवार आले, मग श्रावणी शनिवारही मी लावून घेतला. पण हे खोटं मुळातच कच्चं होतं, आणि ते पहिल्याच गुरुवारी एका बाईंनी उघड केलं: "अगं, उपासाला पेढा चालतो की! दुधाचाच असतो." खरंच, चालतो. वर मामा एवढे सज्जन की मॅडमचा उपास म्हणून कुठून तरी राजगिऱ्याची वडी आणि बटाट्याचा चिवडा आणून टेबलावर ठेवायला लागले. उपासाच्या दिवशी मी बिनउपासापेक्षा जास्त खात होते. शिवाय माझ्या धार्मिकपणाची ख्याती वाढून दोन ठिकाणची सत्यनारायणाची बोलावणी आली. सत्यनारायण म्हटला की शिरा आला.

आणि मग कुंदा. आमच्याकडे एक अधिकारी बेळगावहून बदली होऊन आला, त्यानं येताना बेळगावचा कुंदा आणला. कुंदा हा प्रकार ज्यानं खाल्ला नसेल त्याला मी काही समजावत बसत नाही. दूध आटवून, परतून, रवाळ, तपकिरी, चमच्यानं खायचा. सगळ्यांसमोर मी "उपास" म्हणाले. सव्वाचारला जुन्या फायलींच्या खोलीत गेले. जाताना बॉक्स घेऊन गेले. चमचा नव्हता, तर पैसे भरायच्या कोऱ्या स्लिपची घडी घालून तिचा चमचा केला. सतरा साल आणि अठरा साल अशा दोन फडताळांच्या मधे उभी राहून मी चार स्लिपा संपवल्या. चवीनं खाल्ला म्हणावं तर तसंही नाही. घाईत, कान दाराकडं, जीभ भाजल्यासारखी. बाहेर येऊन तोंड धुतलं.

पाच वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर कॅमेऱ्यांचा स्क्रीन असतो, हे मला खुर्चीत बसल्यावर आठवलं. साहेब थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, दाराच्या डाव्या हाताला, पंख्याच्या खाली. तिथं दिसत नाही."

मला कळेना.

"मी तिथं उभा राहून खातो," ते म्हणाले. "माझी ७.१ आहे. घरी माहिती आहे, इथं कुणाला नाही."

२०२३ साली आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात देशातले मधुमेही १० कोटींवर आणि माझ्या पायरीवरचे १३ कोटींवर निघाले. तेव्हा ती बातमी मी वाचून सोडून दिली होती. आता हिशोब केला, तर अकरा माणसांच्या शाखेत आम्ही दोघं असणं म्हणजे अगदी सरासरीला धरूनच होतं. आणि दोघंही एकाच खोलीत, वेगवेगळ्या वेळी, एकाच बॉक्समधून चोरून खात होतो. कामाचं बोलून मी बाहेर आले, पण त्या दिवशी घरी जाताना पोवई नाक्यापर्यंत एकटीच हसत होते. नंतर रडूही आलं थोडं, ते वेगळं.

पुढचा मार्ग वडिलांनी दाखवला, आणि तोही न विचारता. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नाच्या पंगतीला वाढायला कायम आमचे अण्णा. खांद्यावर पंचा, एका हातात आमटीची बादली, एका हातात ओगराळं. बुंदीची परात आली की अण्णांचा आवाज चढायचा, "घ्या हो, घ्या हो, पान मोकळं दिसतंय!" लहानपणी मला वाटायचं अण्णा मांडवात सगळ्यांत जास्त खात असतील. रविवारी गावी गेले तेव्हा हे पेढ्यांचं रडगाणं त्यांना ऐकवलं. ते शेंगदाणे निवडत होते. म्हणाले, "शंभर पानांवर आग्रह करून यायचो मी, आन् घरी येऊन तुझ्या आईच्या हातची भाकरी खायचो. वाढप्याला कुणी विचारत न्हाई, जेवलास का म्हणून."

सोमवारी पहिला बॉक्स आला, तशी मी उठलेच. "द्या इकडं, मी वाटते सगळ्यांना."

ग्राहक खूश. मॅडम स्वतः वाटतात म्हणजे मान झाला. बॉक्स हातात घेऊन मी कॅशियर ताईंपासून सुरुवात करायची, मग दोन्ही काउंटर, व्हॅल्युअर, मामा, दारावरचा बंदूकवाला, मग बाकावर बसलेले ग्राहक. साहेबांच्या केबिनमध्ये मी बॉक्स न उघडता जायचे आणि तशीच बाहेर यायचे, तो आमचा आपसातला करार. एवढा फेरा होऊन परत येईतो तळाशी पिवळा कागद आणि चुरा. मी खाल्ला की नाही हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही, कारण बॉक्स माझ्याच हातात असायचा. ज्याच्या हातात बॉक्स, त्याला आग्रह कोण करणार? वर आग्रह मीच करायचे. अण्णांच्या सुरात, "घ्या हो, एकानं काय होतंय!" ते वाक्य आपण म्हणायला लागलो की फार हलकं वाटतं, हेही मला तेव्हाच कळलं.

चुऱ्याचं मात्र सांगायला हवं. चुरा मोजला जात नाही. बॉक्सच्या कोपऱ्यात बोट फिरवणं हे खाणं असतं का? पहिले आठ दिवस मी वहीत लिहिलं नाही. नवव्या दिवशी व्हॅल्युअरांनी न सांगता एका बॉक्सचा चुरा काट्यावर ओतला. अकरा ग्रॅम दोनशे. अर्धा पेढा. त्यानंतर बॉक्स रिकामा झाला की मी तो थेट मामांच्या हातात द्यायला लागले. ते मागच्या अंगणात चिमण्यांना झटकतात.

आणि एखादा ग्राहक हटूनच बसला, "आधी तुमी घ्या," तर घ्यायचा. दोन्ही हातांनी, तोंडाकडं बघून, अभिनंदन करून. मग ड्रॉवरमधल्या स्टीलच्या डबीत. "घरी देवापुढं ठेवते आणि पोरासोबत खाते." बँकेच्या भाषेत, जमा आत्ता, खर्ची नंतर. त्यांना पेढा पोचल्याचं समाधान हवं असतं, पोटात गेल्याचा दाखला कुणी मागत नाही. डबी घरी न्यायची चूक मी दोनच वेळा केली; रात्री अकराला फ्रीजचा दिवा पेटला की माझं सगळं तत्त्वज्ञान संपतं. आता डबी संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या मावशींच्या नातवाकडं जाते. तो मला पेढेवाली मॅडम म्हणतो.

सगळंच वाटून टाकलं असंही नाही. गणपतीत नव्या मुलीनं घरून उकडीचे मोदक आणले. त्या दिवशी मी वाढपी झाले नाही. डब्यातली एक पोळी बाजूला ठेवली, खुर्चीवर नीट बसले, मोदकाचं नाक मोडून आत तूप सोडलं आणि तो एक मोदक दहा मिनिटं खाल्ला. वहीत तारीख आहे, पुढं "मोदक १, तूप", आणि कधी नव्हे ते अक्षर चांगलं आलंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रक्त दिलं. ५.९. वजन साडेएकाहत्तरचं अडुसष्ट. यात आठवड्यातून तीन वेळा अजिंक्यतारा चढण्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय पेढ्यांना देता येत नाही. मला ५.६ हवं होतं, म्हणून मी जरा हिरमुसले. डॉक्टर म्हणाले, "पायरीवरच आहात, पण तोंड आता खालच्या बाजूला आहे." साहेबांचा आकडा मी विचारला नाही. कुंद्याच्या खोलीत ते हल्ली जात नाहीत एवढं मात्र माहीत आहे, कारण तिथली फाइल आणायला ते मामांना पाठवतात.

त्याच आठवड्यात शिलाई मशिनवाले हप्ता भरायला आले. हप्ता त्यांनी कधी चुकवलेला नाही. पासबुक छापून होईतो ते उभे राहिले आणि मग पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. गरम होतं, कागदाला ओल आलेली.

"मामांनी सांगितलं तुमची साखर अजून हाय म्हणून," ते म्हणाले. "म्हटलं, शेंगा चालत असतील. मेव्हण्याच्या रानातल्या हायत. मिठात उकडल्यात."

मी पुडकं सोडलं. ओल्या शेंगांचा, मातीचा, मिठाचा वास. मी एक फोडली, तीन दाणे निघाले, आणि या वेळी त्यांच्याकडं बघत खाल्ले. "बसा की," म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली. त्यांच्या बायकोकडं दिवाळीच्या ब्लाउजांची गर्दी सुरू झाली होती, एक मशीन काज्याच्या कामाला कमी पडत होतं, त्याचं बोलणं निघालं. दोघांच्या मधे टरफलांचा ढीग होत गेला. पासबुकावर पाणी सांडलं म्हणून मी ते बाजूला केलं.

पलीकडून व्हॅल्युअर आले, पुडक्यातली एक शेंग उचलली आणि काट्यावर ठेवली. मग फोडली, टरफल काढून नुसते दाणे ठेवले, आणि चष्मा वर करून आम्हा दोघांकडं बघितलं.

"हिच्यात नेट निघतंय बघा," ते म्हणाले.